वाकवलेली नळी: एका बिघडलेल्या एअरसॉफ्ट रायफलीवरून सुचलेला इतिहास

मागच्या दोन पोस्ट जरा कोरड्या झाल्या, त्या होत्या संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा यावर. आज त्याच विषयाची पुढची पायरी घेऊ, पण एका खेळण्याच्या बंदुकीवरून. खेळण्याची म्हटलं तरी प्रकरण 1742 पर्यंत मागे जातं, म्हणून थोडा धीर धरा.

माझा एक शाळेतला मित्र इंग्लंडमध्ये नोकरी करतो आणि शनिवार-रविवार एअरसॉफ्ट खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या बंदुकांतून 6 मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे छर्रे मारायचे, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर जाळी, आणि रानात दोन गट एकमेकांना शोधत फिरतात. मित्राकडे स्प्रिंगवर चालणारी बोल्ट-अ‍ॅक्शन स्नायपर रायफल आहे. एका रविवारी त्याने ती घरी टेबलावर उघडली आणि एका बैठकीत चार गोष्टी बदलल्या: जास्त ताकदीची स्प्रिंग, नवा पिस्टन, आतून अरुंद अशी नवी नळी आणि नळीच्या मागच्या टोकाला बसणारं नवं रबर. पुढच्या शनिवारी रायफल आधीपेक्षा वाईट चालायला लागली. छर्रा सरळ निघायचा आणि लांब गेल्यावर उजवीकडे वळायचा.

त्याने मला फोन केला, कारण माझा पीएचडीचा विषय अठराव्या शतकातल्या तोफशास्त्राचा इतिहास आहे हे त्याला माहीत होतं. "अरे, तू बंदुकांवरच करतोयस ना काहीतरी? सांग बघू." मी म्हटलं, मी कागदांवर करतोय, बंदुकांवर नाही. तो म्हणाला, "नळीच भिकार निघाली, दुसरं काय." मीही लगेच हो म्हणालो. हे "हो" चुकीचं होतं, आणि ते का चुकीचं होतं हे मला स्वतःच्याच टिपणांच्या वहीत सापडलं.

आधी ही रायफल चालते कशी

एअरसॉफ्टचा जन्म जपानमधला. तिथे 1958 च्या कायद्याने सामान्य माणसाकडे खरी बंदूक असणं जवळपास अशक्य झालं होतं. हौशी लोक धातूच्या हुबेहूब प्रतिकृती जमवायचे, पण 1971 आणि 1977 मध्ये त्यांच्यावरही निर्बंध आले. प्लॅस्टिकच्या, हवेच्या जोरावर हलके छर्रे मारणाऱ्या बंदुका या वातावरणात वाढल्या. 1991 मध्ये टोकियो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी फामास रायफल बाजारात आणली आणि हा खेळ जगभर पोचला. स्नायपरवाल्यांनी मात्र जुनी पद्धत सोडली नाही: दर वेळी हाताने बोल्ट मागे ओढायचा, स्प्रिंग ताणायची, एकच छर्रा मारायचा.

आत काय असतं? एक सिलिंडर, त्यात पिस्टन, पिस्टनमागे स्प्रिंग. बोल्ट ओढला की पिस्टन मागे जाऊन एका खटक्याला अडकतो. ट्रिगर दाबला की सुटतो, पुढची हवा दाबली जाते आणि तोंडाशी बसलेला छर्रा नळीतून ढकलला जातो. छर्रा साधारण 5.95 मिलिमीटरचा, नेहमीची नळी आतून 6.08, अरुंद नळी 6.03 किंवा 6.01.

आता महत्त्वाचा भाग, त्याला हॉप-अप म्हणतात. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूने रबराचा एक छोटा उंचवटा आत डोकावतो. छर्रा त्याच्याखालून घासत जातो, त्याची वरची बाजू अडते आणि तो उलटा फिरत बाहेर पडतो, म्हणजे वरचा पृष्ठभाग मागे आणि खालचा पुढे. अशा उलट्या फिरकीने छर्रा हवेत तरंगतो, गुरुत्वाकर्षणाला काही काळ दाद देत नाही. तेवढ्याच जोराच्या स्प्रिंगमध्ये पल्ला कितीतरी वाढतो.

जोर का वाढवायचा नाही? कारण कायदा. 2005 मध्ये जपानात ताकद वाढवलेल्या अशा बंदुकांनी रस्त्यावरच्या गाड्यांवर गोळ्या मारण्याचे प्रकार घडले आणि 2006 मध्ये कायदा बदलला. मर्यादा ठरली दर चौरस सेंटिमीटरला 3.5 ज्यूल. 6 मिलिमीटरच्या छर्ऱ्याचं क्षेत्रफळ 0.283 चौरस सेंटिमीटर, म्हणजे हिशोबाने 0.98 ज्यूलच्या आसपास. 0.20 ग्रॅमचा छर्रा या मर्यादेत सेकंदाला 99 मीटरपर्यंतच जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये एकेक छर्रा मारणाऱ्या बंदुकीला 2.5 ज्यूलची मर्यादा आहे, म्हणून माझ्या मित्राला जड स्प्रिंग घालायला थोडी जागा होती. थोडीच. त्यापलीकडे गेला तर हातातलं खेळणं कायद्याच्या दृष्टीने खेळणं राहत नाही.

तर सगळं घोडं त्या फिरकीपाशी अडलेलं. आणि फिरणारा गोळा हवेत वळतो, हे बंदुकीच्या बाबतीत पहिल्यांदा नीट सांगणारा माणूस माझ्या वहीतला.

बेंजामिन रॉबिन्स आणि वेग मोजायचा लंबक

बेंजामिन रॉबिन्स 1707 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ गावी क्वेकर कुटुंबात जन्मला. क्वेकर म्हणजे युद्धाला विरोध करणारा पंथ. आणि त्या घरातल्या मुलाने 1742 मध्ये तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवर पुस्तक लिहिलं. गंमत आहे, पण पुढे जाऊ.

त्या काळी तोफेचा गोळा कसा उडतो हे शिकवताना गॅलिलिओचा परवलय शिकवला जायचा. हवा धरायचीच नाही, किंवा धरली तरी नगण्य. रॉबिन्सने विचारलं: गोळीचा वेग किती, हे कुणी मोजलंय का? कुणी मोजलं नव्हतं, कारण साधनच नव्हतं. त्याने ते बनवलं. एक जड लंबक टांगायचा, त्याच्यावर लाकूड बसवायचं, त्यात बंदुकीची गोळी मारायची. गोळी लाकडात रुतते, लंबक मागे झुलतो, खाली बांधलेली फीत किती ओढली गेली ते बघायचं. गोळीचं वजन आणि लंबकाचं वजन माहीत असेल तर झोक्यावरून गोळीचा वेग काढता येतो. गोळीपेक्षा शेकडो पटींनी जड लंबक वापरला की डोळ्याला न दिसणारा वेग हाताने मोजता येणाऱ्या झोक्यात उतरतो.

आकडा आला सेकंदाला साधारण 1,600 ते 1,700 फूट. आता परवलयाच्या गणितात 1,700 घाला आणि 45 अंशांत बंदूक धरा: गोळी 17 मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती एक मैलही जात नव्हती. लंबक वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून रॉबिन्सने वेग कसा घटतो तेही पाहिलं. त्याचा निष्कर्ष असा की 24 पौंडी तोफेचा गोळा पूर्ण बारूद भरून मारला तर बाहेर पडताना त्याच्यावर हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या 20 पटींहून जास्त असतो. हवा नगण्य म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं.

आपल्या छर्ऱ्याचा हिशोब मी गंमत म्हणून केला. 0.20 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 100 मीटरने निघाला तर हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या जवळपास 40 पट भरतो. म्हणजे प्लॅस्टिकचा छर्रा हा रॉबिन्सच्या तोफगोळ्यापेक्षाही जास्त हवेच्या मर्जीवर चालतो. स्नायपरवाले 0.40 ग्रॅम किंवा त्याहून जड छर्रे का वापरतात, ते इथे कळतं.

गोळी वळते, पण कशामुळे?

वेग मोजताना रॉबिन्सला दुसरी गोष्ट दिसली. त्याच बंदुकीतून, तेवढ्याच बारुदाने, पक्की बांधून मारलेल्या गोळ्या कधी डावीकडे जात, कधी उजवीकडे. आणि नुसत्या तिरक्या जात नव्हत्या, वाटेत वळत होत्या.

त्या वेळच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे. ब्रिटिश सैन्याच्या ब्राउन बेस बंदुकीची नळी 0.75 इंचाची आणि गोळी सुमारे 0.69 इंचाची. इतकी सैल गोळी आतून कुठल्या तरी एका बाजूला घासत बाहेर पडणार, आणि घासली की फिरणार. रॉबिन्स म्हणाला, ही फिरकीच गोळीला वळवते. कुठल्या बाजूला घासली ते दर वेळी वेगळं, म्हणून वळणही दर वेळी वेगळं.

कल्पना अगदीच आभाळातून पडलेली नव्हती. न्यूटनने 1672 मध्ये प्रकाशाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वक्र जातो याचा उल्लेख केला होता. पण टेनिसचा चेंडू निराळा आणि शिशाची गोळी निराळी.

आता गोष्टीत येतो लिओनार्ड ऑयलर. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्यासाठी त्याने रॉबिन्सचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, 1745 मध्ये, आणि मूळ पुस्तकाच्या कितीतरी पट टिपा जोडल्या. त्या टिपांमुळे पुस्तक मोठं झालं, यात वाद नाही. पण फिरकीच्या मुद्द्यावर ऑयलरने रॉबिन्सचं ऐकलं नाही. त्याचं म्हणणं साधारण असं: पूर्ण गोल असलेला गोळा फिरला म्हणून त्याला बाजूचा ढकलणारा जोर मिळायचं कारण नाही. गोळी वळते, कारण ती नीट गोल नसते. घडणीतला दोष.

इथे मी वाचता वाचता थांबलो. "नळीच भिकार निघाली" आणि "गोळी नीट गोल नाही", दोन्ही वाक्यं एकाच घरातली आहेत. दोष वस्तूच्या माथी मारला की प्रश्न संपतो. ऑयलरसारख्या माणसाला ते उत्तर पुरेसं वाटलं, तिथे माझी आणि माझ्या मित्राची काय कथा.

आणि हे उत्तर मूर्खपणाचं नव्हतं, हेही लक्षात घ्या. त्या काळच्या गोळ्या खरंच ओबडधोबड होत्या. त्या काळचं द्रवांचं गणित घर्षण धरत नव्हतं, आणि घर्षणाशिवाय फिरणारा गोळा हवेला ओढत नेणार कसा? उपलब्ध गणितात ऑयलरचं म्हणणं बसत होतं. चुकीचं स्पष्टीकरण बहुतेक वेळा असंच सभ्य दिसतं.

वाकवलेली नळी

रॉबिन्सने पुढच्या काही वर्षांत रॉयल सोसायटीसमोर वाचलेल्या निबंधांत दोन प्रयोग सांगितले.

पहिल्यात त्याने एक लाकडी गोळा दुहेरी दोरीला टांगला आणि दोरीला पीळ दिला. गोळा झोक्यावर सोडला की पीळ उलगडतो आणि गोळा झुलता झुलता फिरायला लागतो. फिरत नसताना झोका एका रेषेत जातो, फिरायला लागला की एका बाजूला सरकतो, आणि फिरण्याची दिशा बदलली की सरकण्याची दिशाही बदलते. गोळा तोच, म्हणजे त्याचा ओबडधोबडपणाही तोच. बदलली फक्त फिरकी.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. त्याने एका बंदुकीची नळी तोंडाजवळ मुद्दाम डावीकडे वाकवली, तीन-चार अंश. आता ही बंदूक झाडली तर गोळी कुठे जाईल? कुणीही सांगेल, डावीकडे. तोंड डावीकडे आहे ना.

रॉबिन्सने आधीच सांगितलं: निघेल डावीकडे, पण शेवटी उजवीकडे जाईल. कारण असं की वळणावर गोळी नळीच्या उजव्या भिंतीवर दाबली जाईल, तिची उजवी बाजू घासून अडेल, आणि जी बाजू मागे फिरते तिकडे हवा गोळीला ढकलते.

हे दाखवायला त्याने वाटेत पातळ कागदाचे पडदे उभे केले, 50 फुटांवर एक, 100 फुटांवर दुसरा, आणि 300 फुटांवर भिंत. गोळी पडद्यांतून भोक पाडत जाते, पण अडत नाही. पडद्यांवरची भोकं नेमाच्या रेषेच्या डावीकडे पडली. भिंतीवरची खूण उजवीकडे.

जरा विचार करा यात काय झालं. गोळ्या ओबडधोबड असतात म्हणून वळतात असं धरलं, तर त्या कुठेही वळाव्यात. वाकलेल्या नळीतून एकाच बाजूला, तीही तोंडाच्या विरुद्ध बाजूला, का वळाव्यात? रॉबिन्सने दोष काढून टाकायचा प्रयत्न केला नाही. त्याने तो मोठा केला, त्याला आपल्या हाताने दिशा दिली, आणि झाडण्याआधी उत्तर सांगितलं.

आता हॉप-अप आठवा. वरची बाजू अडवायची म्हणजे गोळा वर ढकलला जातो. रॉबिन्सची उजवी भिंत आणि हॉप-अपचं वरचं रबर, काम एकच. पेंटबॉलच्या काही बंदुकांना तर पल्ला वाढवायला खरोखर वाकवलेली नळी बसवतात.

नाव दुसऱ्याचं का लागलं

रॉबिन्सला 1746 साठी रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं, म्हणजे तो काही अज्ञात राहिला असं नाही. पण 1749 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मुख्य अभियंता नेमलं. 1750 च्या जुलैमध्ये तो आजच्या तमिळनाडूत कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला पोचला. तिथल्या आणि मद्रासच्या तटबंदीचे आराखडे करता करता तापाने आजारी पडला आणि 29 जुलै 1751 ला तिथेच गेला. वय 44. वाकवलेल्या नळीचा निबंध असलेला त्याच्या लेखांचा संग्रह त्याच्या मित्राने 1761 मध्ये छापला, मृत्यूनंतर दहा वर्षांनी. तोवर युरोपभर ऑयलरच्या टिपा वाचल्या जात होत्या.

मग 1852 मध्ये बर्लिनमध्ये गुस्ताव माग्नुसने फिरणारा दंडगोल हवेच्या झोतात ठेवून दोन्ही बाजूंना दाब वेगळा असतो हे दाखवलं, आणि परिणामाला नाव लागलं माग्नुसचं. 1877 मध्ये लॉर्ड रॅलेने टेनिसच्या चेंडूवर लिहिलं. स्कॉटलंडच्या पी. जी. टेट याने 1890 च्या दशकात गोल्फच्या चेंडूला चपटी फीत बांधली आणि चेंडू मारल्यावर फितीला किती पीळ पडले ते मोजून फिरकी किती ते काढलं. चांगला मारलेला चेंडू उलट्या फिरकीमुळे हवेत टिकून राहतो, हे त्याने मांडलं. आपलं हॉप-अपच की.

पुन्हा मित्राच्या रायफलीकडे

दोन दिवसांनी मी मित्राला फोन केला आणि म्हटलं, माझं "हो" मागे घेतो. नळी परत करू नकोस, आधी कागद लाव.

10, 20 आणि 40 मीटरवर पातळ कागद, वारा पडलेला असताना, रायफल टेकवून. यामागचा हिशोब सोपा आहे. दुर्बीण किंवा नळी तिरकी बसली असेल तर छर्रा सरळ रेषेतच चुकतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की चूक दुप्पट. फिरकीने वळत असेल तर वळण वाढत जातं: अंतर दुप्पट, चूक चौपट किंवा जास्त, कारण छर्रा मंदावतो आणि हवेला वेळ मिळतो. त्याने प्रत्येक अंतरावर दहा-दहा मारले. 10 मीटरवर भोकं सरासरी दीड-दोन सेंटिमीटर उजवीकडे, 20 वर सात-आठ, 40 वर पस्तीस-चाळीस. सरळ रेषेची चूक असती तर 40 वर आठ सेंटिमीटरच्या पुढे जायला नको होती.

मग दुसरी चाचणी. रायफल उलटी धर, दुर्बीण खाली, आणि 20 मीटरवर मोठा कागद लावून मार. आता हॉप-अप छर्ऱ्याला खाली ढकलणार, त्यामुळे तो बराच खाली जाईल, ते सोड. फक्त डावं-उजवं बघ. पण मारायच्या आधी मला सांग, कुठे जाईल. तो थोडा वैतागला, म्हणाला मारून बघितलं की कळेलच ना. मी म्हटलं, आधी सांग. रायफलीतच फिरकीची चूक असेल तर उजवीकडचं वळण डावीकडे जाईल. बाहेरचं काही, वारा वगैरे असेल तर उजवीकडेच राहील. तो म्हणाला, "डावीकडे." गेला डावीकडे.

म्हणजे फिरकी, आणि ती तिरकी. रबराचा उंचवटा बरोबर वर नसून थोडा बाजूला असणार. मी साधा हिशोब करून पाहिला. हॉप-अपचा वर ढकलणारा जोर छर्ऱ्याच्या वजनाइतका धरला, तर रबर 15 अंश फिरलेलं असलं तरी 40 मीटरवर साधारण तेवढंच वळण मिळतं.

एक गोष्ट मात्र उरली होती. त्याच्याकडच्या वेगमापकावर दहा छर्ऱ्यांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात वेगवान यांत सेकंदाला पंधरा मीटरचा फरक येत होता. वेगमापक म्हणजे दोन प्रकाशकिरणं, छर्रा दोन्ही ओलांडायला किती वेळ घेतो ते मोजतो. रॉबिन्सच्या लंबकाचा नातू. एवढा फरक म्हणजे हवा कुठेतरी गळतेय. सिलिंडर बाहेर काढ, तोंड बोटाने बंद कर, पिस्टन दाब. दाब टिकला, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर ठीक. गळती त्यापुढे, म्हणजे सिलिंडरचं तोंड जिथे रबरात बसतं तिथे.

त्याने रायफल उघडली. रबर बसवताना पिळलं गेलं होतं. उंचवटा बाजूला सरकलेला, आणि मागची कड सुरकुतलेली, तिथूनच हवा गळत होती. दोन लक्षणं, कारण एकच. रबर नीट बसवलं, नळी तीच ठेवली, आणि पुढच्या शनिवारी त्याने कागदाचा फोटो पाठवला. फोटोत 40 मीटरवरची भोकं नेमाच्या दोन्ही बाजूंना पडलेली होती. सगळी एका जागी नाहीत, पण एकाच बाजूला पळत नव्हती.

त्यानंतर त्याने अजून एक काम केलं ते मी सांगितलं म्हणून: नवा वेग मोजून ऊर्जा मर्यादेत आहे ना ते तपासलं. गळती बंद झाली की तीच स्प्रिंग जास्त जोर देते. आधी मर्यादेत असलेली रायफल दुरुस्त झाल्यावर मर्यादा ओलांडू शकते. आणि खटक्यावरही लक्ष ठेव म्हटलं, कारण जड स्प्रिंगचा सगळा ताण त्याच्यावर येतो. तो झिजला तर बोल्ट बंद करतानाच पिस्टन सुटू शकतो, आणि तेव्हा नळी कुणाच्या तोंडासमोर असेल सांगता येत नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी

आता तुमच्या कामाचं बोलू. प्रबंधाचा पहिला आराखडा घेऊन बसलेल्या बऱ्याच जणांकडून मला मेसेज येतात: डेटा विचित्र येतोय, काय करू? मी तीन गोष्टी विचारतो आणि तिन्ही या गोष्टीतल्याच आहेत.

एकदम किती गोष्टी बदलल्या? मित्राने एका दुपारी चार भाग बदलले, म्हणून कुठल्या भागाने घोटाळा केला हे त्याला कळायची सोय उरली नाही. प्रश्नावली, नमुना आणि विश्लेषणाची पद्धत तिन्ही एकदम बदललीत तर तुमचीही तीच गत होते. एक बदला, नोंद करा, मग दुसरं.

चूक कशी वाढते ते पाहिलं का? चूक आहे एवढं कळून भागत नाही. ती सरळ वाढते की वळत जाते, सगळीकडे सारखी आहे की एका गटातच, यावरून कारण ओळखता येतं. रॉबिन्सने भिंतीवरच्या एका खुणेवर समाधान मानलं असतं तर त्याला फक्त "उजवीकडे गेली" एवढंच कळलं असतं. मधल्या कागदांनी त्याला वाट दाखवली. तुमचे मधले कागद कुठले, ते ठरवा.

आणि तिसरं, बघण्याआधी उत्तर लिहिलं का? हे सगळ्यात अवघड, कारण चुकलो तर लाज वाटते. मी स्वतः माझ्या पहिल्या वर्षात अर्काइव्हमध्ये जायच्या आधी काय सापडेल ते कधीच लिहिलं नाही. त्यामुळे जे सापडलं ते मला नेहमी अपेक्षितच वाटत राहिलं. आता मी वहीच्या डाव्या पानावर आधी अंदाज लिहितो आणि उजव्या पानावर सापडलेलं. डावी पानं बरीच खोडलेली आहेत.

ऑयलर रॉबिन्सपेक्षा मोठा गणिती होता, यात शंका नाही. रॉबिन्सकडे वाकवलेली नळी होती आणि झाडण्याआधी सांगितलेलं उत्तर होतं. तुमच्या मार्गदर्शकांनी "डेटाच वाईट आहे" म्हटलं तर लगेच वाद घालू नका, आणि लगेच हो पण म्हणू नका. दोन दिवस मागून घ्या आणि तुमची नळी कुठे वाकवता येईल ते शोधा.

पुढच्या पोस्टमध्ये अर्काइव्हमधली ही डाव्या-उजव्या पानांची वही कशी ठेवायची ते सविस्तर लिहीन. तुमच्याकडे एखादा अडलेला प्रयोग किंवा हट्टी डेटा असेल तर कळवा, पण त्यासोबत तुमचा अंदाजही लिहून पाठवा. अंदाज आधी.